आमच्या घरचा संशयकल्लोळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला येथे उभे केले आहे खरे. पण भाषण म्हणावे असे माझ्यापाशी काही नाही. दरवर्षी या दिवशी कोणी डॉक्टरीणबाई आहारावर बोलतात, कोणी वकीलबाई कायद्यावर बोलतात. त्यांच्यापाशी विद्या असते. माझ्यापाशी अडतीस वर्षांचा संसार आहे, आणि त्याबद्दल बोलावयाचे तर तुम्ही बहुतेकजणी माझ्या वरताण आहात. म्हणून मी चिटणीसबाईंना म्हटले, "भाषण नको, मी एक हकीकत सांगते." त्या म्हणाल्या, "सांगा, पण स्मरणिकेत छापण्याजोगी सांगा."

हकीकत आहे ती तीन दिवसांच्या सुट्टीची, एका संगीत नाटकाची आणि पाटल्यांच्या एका जोडाची. तीत माझा मूर्खपणा पुष्कळ आहे. तो माझाच असल्यामुळे सांगावयाला मला कोणाची परवानगी नको. परंतु बाकीची हकीकत घरातल्या माणसांची, म्हणून मी सूनबाईला आणि मुलाला आधी विचारले. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सांग, माझ्यासारखा आणखी कोणी असेल त्याला उपयोग होईल." सून म्हणाली, "सांगा आई. मात्र माझ्या तोंडी वाक्यं जरा बरी घाला." आता ती वाक्ये तिची तिनेच इतकी बरी म्हटलेली आहेत, की मला काही घालावे लागणार नाही.

२०२४ साली प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला होता. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात गुरुवारी रात्री पुण्याहून आली. सकाळी नातीला घेऊन आम्ही झेंडावंदनाला गेलो, येताना जिलबी आणली. दुपारी कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत, ज्वारीची भाकरी, लोण्याचा गोळा. सासूबाईंचे वय तेव्हा शहाऐंशी; पण त्यांनीही अर्धी भाकरी जास्त खाल्ली. घर कसे भरल्यासारखे वाटत होते. बाहेरून कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, काय सुखी कुटुंब आहे!

आणि सुखी होतेच. फक्त माझ्या मनात तीन महिन्यांपासून एक काटा होता.

काटा असा. आदल्या दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो होतो. तेथे एका दुपारी सेफ्टी पिन हवी म्हणून मी सुनेच्या कपाटाचा खण उघडला. पिना मिळाल्या, आणि त्यांच्याखाली घडी केलेली एक पावती मिळाली. सोने तारण कर्जाची. तारीख सप्टेंबर २०२३ ची. दागिन्याचे वर्णन 'पाटल्या, एक जोड'. या पाटल्या सासूबाईंनी माझ्या लग्नात माझ्या हातात घातल्या, आणि मी मुलाच्या लग्नात सुनेच्या. आता सप्टेंबरातच सुनेच्या वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. मग काय विचारता! पावती होती तशी घडी करून मी परत ठेवली, खण लावला आणि सुतावरून स्वर्ग गाठला. आमच्या घरच्या पाटल्या गहाण टाकून हिने माहेरी पैसा दिला, आणि माझ्या मुलाला कदाचित पत्ताही नसेल.

भगिनींनो, मी तिला एका शब्दानेही विचारले नाही. मी स्वतःला फार समंजस समजत होते. 'आपण सासू असून काही बोललो नाही,' या समाधानात मी तीन महिने वावरले. पण न बोलता माणूस काय काय करू शकते ते ऐका. पूर्वी मी फोनवर तिला आज भाजी कोणती केलीस, डबा काय दिलास, असे दहा प्रश्न विचारी. दिवाळीनंतर तिने फोन उचलला की मी म्हणे, "त्याला दे." आमच्याकडून दर महिन्याला पुण्याला एक पिशवी जाते. तीत भडंग असते, मेतकूट असते आणि सुनेच्या आवडीची कारळ्याची चटणी असते. ती चटणी मी दोनदा विसरले. विसरले म्हणजे, न विसरता विसरले. संक्रांतीला फोनवरून तिळगूळ देताना गोड बोला म्हटले, तेही असे, की तिळगुळाला मुंग्या लागल्या नसत्या.

असो. शनिवारी सकाळी 'ह्यांनी' सगळ्यांना हरिपूरला नेले. कारण रात्री नाटकाची तिकिटे काढली होती, 'संशयकल्लोळ'ची. आणि नातीला नाटककाराचे गाव आधी दाखवावयाचे असा त्यांचा हट्ट. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म हरिपूरचा, १८५५ चा. संगमेश्वराचे दर्शन घेतले, घाटाच्या पायऱ्यांवर बसून कृष्णा आणि वारणा कशा मिळतात ते पाहिले. हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेल्या पेवांची गोष्ट आजोबांनी नातीला सांगितली. मग विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' कसे केले, तेथपासून गाडी सुरू झाली ती अण्णासाहेब किर्लोस्करांवरून देवलांपर्यंत आली. एका म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची कथा 'शारदा' नाटकात १८९९ साली रंगभूमीवर आणणारे तेच हे देवल. नात म्हणाली, "म्हणजे ते रडवणारं नाटक. आजचं पण तसंच आहे का?" हे म्हणाले, "आजचं हसवणारं. सगळे भांडतात आणि मधूनमधून गातात." नात म्हणाली, "म्हणजे आपल्या घरासारखं. फक्त आपण गात नाही." मी सुनेकडे पाहिले नाही आणि तिने माझ्याकडे पाहिले नाही.

या नाटकाची जन्मकथा मजेची आहे, ती येथेच सांगून टाकते. मूळ प्रहसन फ्रेंच नाटककार मोलियेर याचे, १६६० सालचे. त्यावरून आर्थर मर्फी या नाटककाराने १७६१ साली इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी मराठीत आधी गद्य नाटक लिहिले, तसबिरीच्या घोटाळ्याचे. आणि आयुष्याच्या शेवटी त्यात पदे घालून त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' केले. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, तेव्हा देवल ते पाहावयास उरले नव्हते. त्याच वर्षी ते वारले होते. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव ही जोडी पुढे कित्येक वर्षे लोकांच्या बोलण्यात राहिली. मला यात नवल वाटते ते असे, की पॅरिसचे कपडे उतरवून लंडनचे घातले, लंडनचे उतरवून आपले धोतर-पगडी घातली, तरी आतला संशयी नवरा तोच. त्याला कोणत्याच गावी परके वाटले नाही.

संध्याकाळी नाटकाला जाण्याची तयारी सुरू झाली. सासूबाईंनी जरीकाठी नऊवारी काढली. सूनबाई हिरवी रेशमी साडी नेसून बाहेर आली. सासूबाईंनी तिला जवळ बोलावले, नजर वर-खाली फिरवली आणि विचारले,

"पाटल्या कुठं गं?"

मी आरशापुढे गजरा माळीत होते. माझा हात केसांतच राहिला.

"बँकेत आहेत, आजी," सून म्हणाली.

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "प्रवासात जोखीम नको."

बँकेत आहेत! शब्द पाहा. त्यात खोटे एक अक्षर नाही. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे लॉकर आला असेल. माझ्या डोळ्यांपुढे पावती आली. एकाच वाक्याचे दोन अर्थ, आणि दुसरा अर्थ कळणारी त्या खोलीत मी एकटीच, असे मला वाटले. देवलांना असा प्रवेश आयता मिळाला असता.

नाटकाचे थिएटर भरलेले होते. तिसऱ्या ओळीत आम्ही सहाजण: कडेला सासूबाई आणि त्यांची काठी, मग हे, नात, मी, सून आणि पलीकडे मुलगा. तंबोरा लागला, ऑर्गनचे सूर निघाले, नांदी झाली, आणि सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांच्या माहेरी फोनोग्राफ होता; लहानपणी ऐकलेली सगळी पदे त्यांना पाठ. नट पुढे आणि ह्या पाव मात्रा मागे, अशा त्या प्रत्येक पद ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या.

नातीने पहिल्या अंकातच आजोबांना सतावले. "त्या सगळ्यांची नावं कॅलेंडरसारखी का?" खरेच की हो, इतक्यांदा हे नाटक पाहिले, पण इतक्या सरळ शब्दांत मला कधी सुचले नव्हते. पुरुष महिन्यांच्या नावांचे: अश्विनशेठ, फाल्गुनराव, वैशाखशेठ, आणि गडीसुद्धा भादव्या. बायका नक्षत्रांच्या: रेवती, कृत्तिका, रोहिणी, मघा. मग पुढचा प्रश्न. "ती रेवती रागावलेली आहे ना? मग गाते कशी?" आजोबा म्हणाले, "बाळ, गाणं रागातच असतं." मागच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी या वाक्याला हलकेच वन्समोअर दिला.

कथानक तुम्हाला माहीत आहे. तरी लहान मुलींसाठी थोडक्यात सांगते. रेवतीला रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतात. ते त्यांची बायको कृत्तिका पाहते, आणि नवरा परक्या बाईला धरून उभा आहे एवढेच तिला दिसते. त्या गडबडीत रेवतीपाशी असलेली अश्विनशेठची तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळीत असताना फाल्गुनराव पाहतात, आणि बायको परक्या पुरुषाची तसबीर पाहत आहे एवढेच त्यांना दिसते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हाती अश्विनशेठला दिसते. आता रेवतीला दिलेली माझी तसबीर याच्यापाशी आली कशी? झाले! दोन घरे पेटली. आणि एकानेही खोटे पाहिलेले नाही. ज्याने त्याने जे पाहिले ते खरेच पाहिले. फक्त अर्धे पाहिले.

प्रेक्षक पोट धरधरून हसत होते. मीही हसत होते. फाल्गुनरावांचे काम करणारा नट तसबीर डोळ्यांजवळ नेई, दूर नेई, उलटी करून पाही, आणि प्रत्येक वेळी त्याच्या संशयाला नवा कोंब फुटे. तिसऱ्यांदा त्याने ती घडी उलगडल्यासारखी हातात धरली, तेव्हा मला तसबिरीच्या जागी पावती दिसली. माझे हसणे एकदम थांबले. शेजारी सून डोळे पुसून हसत होती. तिच्या मोकळ्या मनगटावर काचेच्या बांगड्या वाजत होत्या.

मध्यंतरात बटाटेवडे आणि कॉफी. नाटकाच्या मध्यंतरातला वडा कितीही तेलकट असला तरी चांगला लागतो. त्याला का, ते विचारू नये. नात वडा खाता खाता म्हणाली,

"आजी, तो फाल्गुनराव तिला सरळ का नाही विचारत? विचारलं असतं तर नाटक दहा मिनिटांत संपलं असतं."

हे म्हणाले, "म्हणून तर विचारत नाही. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला नकोत?"

सगळे हसले. मी मात्र दुसऱ्या अंकभर त्याचाच विचार करीत बसले, आणि लक्षात आले, की नातीचे म्हणणे पुरते बरोबर नव्हे. फाल्गुनराव विचारीत नाहीत असे नाही. ते बायकोला विचारतात, गड्याला विचारतात, दिसेल त्याला विचारतात. सारखे विचारतच असतात! पण निकाल आधी लावून मग विचारतात. त्यांना उत्तर नको असते, कबुली हवी असते. विचारणे निराळे आणि जाब विचारणे निराळे. आणि माझ्यासारखी न विचारणारी बाई? तिने तर फाल्गुनरावांवरही ताण केली. त्यांनी निदान आरोपीला बोलू दिले. मी मनातल्या मनात खटला चालवला, शिक्षा ठोठावली आणि चटणी बंद करून तिची अंमलबजावणीही केली.

आणखी एक गोष्ट त्या रात्री मनात आली. या नाटकातली गाणी बहुतेक अश्विनशेठ आणि रेवतीच्या वाट्याची. फाल्गुनरावांची भूमिका गद्य. याला कारणे नाटकमंडळीच्या सोयीची असतील. पण मला वाटले, संशयी माणसाच्या तोंडी देवलांनी गाणे दिले नाही हे ठीकच झाले. त्याला सूर लागणार कोठून?

घरी आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सासूबाईंना झोपताना कपभर दूध लागते. मी स्वयंपाकघरात दूध तापत ठेवले. इतक्यात सून नातीसाठी पाणी न्यावयास आली. घरात दुसरे कोणी जागे नव्हते. मी म्हटले, हीच वेळ. आणि तोंड उघडले,

"कोणत्या बँकेत आहेत गं पाटल्या?"

शब्द साधे होते. पण माझा आवाज माझ्याच कानांवर पडला आणि मी दचकले. तासाभरापूर्वी रंगमंचावर ऐकलेला तोच आवाज! सुनेचा तांब्या हातातच राहिला. "का, आई?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एक पडदा सरसर उतरताना मी पाहिला. आणखी एक वाक्य मी त्याच आवाजात बोलले असते तर तो पुन्हा वर गेला नसता.

मी स्टुलावर बसले. तिला म्हटले, "थांब. मी चुकीचं विचारलं. आधी माझं सांगते, मग तुला वाटलं तर तू सांग. दिवाळीत पिन शोधताना मी तुझ्या खणातली पावती पाहिली. पाहिली ती चुकून. पण नंतर तीन महिने तुला विचारलं नाही, ते काही चुकून नाही. तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनला तू त्या पाटल्या गहाण टाकल्यास असं मी धरून चालले. आणि रागावले. चटणीही त्यासाठीच पाठवली नाही."

ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "चटणीचं मला वाटलंच होतं. पण कारण मी दुसरं समजत होते."

तिचे कारण ऐका. २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या खोल्यांत पाणी आले होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रंग काढला तरी भिंतींना ओल येत राहिली. नवा गिलावा करावा म्हणून ह्यांनी मुलाकडे थोडे पैसे मागितले, आणि तो म्हणाला, "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." सुनेला वाटले, हा नकार तिने द्यावयास लावला असे मी समजते, म्हणून मी अबोला धरला. म्हणजे तीही तीन महिने माझ्या मनात नसलेल्या आरोपाला उत्तरे जुळवीत होती! एका घरात दोन तसबिरी.

"मग पाटल्या?" मी विचारले. या वेळी खरोखर विचारले.

पाठमोरी होऊन ओटा पुसता पुसता तिने सांगितले. जुलैमध्ये मुलाची नोकरी सुटली होती. कंपनीने माणसे कमी केली, त्यांत हा. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, चार महिने घरी. दिवाळीत आम्ही तेथे होतो तेव्हा 'ऑफिसचे काम' म्हणून तो आतल्या खोलीत दार लावून बसे, ते अर्ज करणे होते. घराच्या कर्जाचे हप्ते थकू नयेत म्हणून पाटल्या ठेवल्या. डिसेंबरात दुसरी नोकरी लागली, पगार थोडा कमी. "ह्यांनी शपथ घातली होती, की तुम्हाला आणि बाबांना कळू द्यायचं नाही. बाबांचं ब्लडप्रेशर, म्हणाले. पण खरं म्हणजे त्यांना लाज वाटत होती."

मी म्हटले, "आणि मी तुझ्या माहेरावर गेले."

तेव्हा ती वळली. आवाज अजिबात न चढवता तिने विचारले, "आई, पण बाबांच्या ऑपरेशनला दिल्या असत्या, तर काय चुकलं असतं?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. नाटकात शेवटी तसबिरीचा उलगडा होतो, ज्याचा त्याचा संशय खोटा ठरतो आणि सगळे सुटतात. माझाही संशय खोटा ठरला होता. पण त्याने मी सुटले नाही. तो खरा ठरला असता तरी त्यात रागावण्याजोगे काय होते? माझ्या लेकाच्या नोकरीसाठी मोडलेल्या पाटल्या घरच्या, आणि तिच्या बापाच्या जिवासाठी मोडलेल्या पाटल्या परक्या? मी काहीच बोलले नाही. तेवढ्यात दूध उतू गेले, आणि आम्ही दोघी एकदम गॅसकडे धावलो.

रविवारी सकाळी सासूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येते असे आम्ही समजतो. मी चहा नेऊन दिला तशा त्या म्हणाल्या, "रात्री दूध यायला फार उशीर झाला. काय झालं पाटल्यांचं?"

मी काय सांगणार! थोडक्यात सांगितले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "मग त्यात एवढं काय? पाटल्या असतात कशाला? मी दोनदा ठेवल्यात त्या. एकदा बहात्तरच्या दुष्काळात, घरात दाणा नव्हता तेव्हा. आणि एकदा माझ्या धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा. त्या खेपेला तर तुझ्या सासऱ्यांनाही सांगितलं नव्हतं."

"मग कोणी विचारलं नाही?"

"सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, घट्ट होतात. वर्षभर घट्ट होत होत्या."

हे जवळच वर्तमानपत्र वाचीत होते. ते चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे तेव्हा आईचे हात जाड झाले होते असं मी इतकी वर्षं समजतोय ते..." आणि त्या सकाळी आमच्या घरात जो हशा झाला तो थिएटरात झाला नव्हता.

मुलाची गोष्ट ह्यांच्या कानांवर घालणे भागच होते. मुलाने ती स्वतः सांगितली, मान खाली घालून. ह्यांनी सगळे ऐकून घेतले. एक शब्द उपदेशाचा नाही, रागाचा नाही. पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल, भाजी आणू." भाजी आणावयाला एरवी त्यांना अर्धा तास लागतो. त्या दिवशी दोघे दोन तासांनी आले, आणि पिशवीत फक्त मेथीची एक जुडी. काय बोलले ते मी विचारले नाही. सगळेच विचारावे असे नसते, हेही मला आता कळू लागले आहे.

दुपारी मी कारळे भाजले. सुनेने खलबत्त्यात कुटले. संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा चटणीची बरणी तिच्या मांडीवर होती, आणि नात मागच्या खिडकीतून हात हलवीत नाटकातले एक पद बेसूर पण मोठ्याने म्हणत होती. सासूबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सूर नाही, पण जोर आहे. तीन दिवस मजेत गेले हो."

भगिनींनो, खरेच मजेत गेले. मी आजवर पुष्कळ सुट्ट्या पाहिल्या, पाहुणे आले, पक्वान्ने केली, दमले आणि विसरले. ही सुट्टी मात्र राहिली. एक हसवणारे नाटक सहाजणांनी शेजारी बसून पाहिले, एवढेच निमित्त. कीर्तनात मला कोणी सांगितले असते, की बाई, तू संशयी आहेस, तर मी पदर सावरून शेजारणीकडे पाहिले असते. देवलांनी तसे काही सांगितले नाही. त्यांनी फाल्गुनराव दाखवला, मला हसू दिले, आणि मी मनसोक्त हसून झाल्यावर कळले, की ज्याला हसले तो कोण.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, भिशी होते. आपण एकमेकींचे सगळे जाणतो असे आपल्याला वाटते. पण अमकी हल्ली येत नाही, तमकी हल्ली नीट बोलत नाही, याची कारणे आपण आपापल्या घरी बसून ठरवतो. माझी विनंती एवढीच, की ठरवण्याआधी एकदा तिच्या दारी जावे. जाब विचारावयाला नव्हे. आधी आपल्या मनातले सांगावे, मग तिचे विचारावे, आणि ती जे सांगेल ते आपल्याला न आवडले तरी ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. नाटक लांबले तर तिकिटाचे पैसे वसूल होतात. संसार तसा लांबवून कोणाचेच काही वसूल होत नाही.

पाटल्यांचे काय झाले, हे तुम्ही चहाच्या वेळी विचारणारच, म्हणून सांगते. त्या वर्षीच्या दसऱ्याला सुटून आल्या. सून त्या घालून आली आणि आधी सासूबाईंच्या पाया पडली. सासूबाईंनी तिचा हात हाती घेतला, पाटली मनगटावर गोल फिरवून पाहिली आणि विचारले,

"घट्ट होत नाहीत ना?"

एवढे बोलून मी आपली रजा घेते.